शब्दखतावणी : निमखारे



मागील महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या नुकत्याच नव्या वसाहतीत राहावयास गेल्या आहेत. वसाहतीच्या कूपनलिकेचे पाणी तपासून आले आणि सूचनाफलकावर कागद लागला, ‘पाणी निमखारे आहे. वापरास हरकत नाही.’ भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. निमखारे म्हणजे नक्की किती खारे, आणि हा शब्द आला कोठून, हा पहिला. दुसरा असा की, घरात सासूबाई उकळलेलेच पाणी घेतात. तेव्हा हे पाणी गाळून, उकळून त्यांना दिले तर चालेल काय?

पहिला प्रश्न या सदराचा आहे, दुसरा संसाराचा. तरी मी दोहोंचे उत्तर एकत्रच देणार आहे. कारण हा एक शब्द नीट न वाचल्यामुळे बँकेच्या नोकरीत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चूक पाण्याचीच होती.

प्रथम शब्दाची फोड करू. निम अधिक खारे. ‘निम’ म्हटले की कित्येकांना कडुनिंब आठवतो आणि निमखारे म्हणजे कडवट खारे असा समज होतो. तो बरोबर नाही. झाडाचा ‘निंब’ संस्कृतातला. हिंदीत त्याचा ‘नीम’ झाला. आपल्या शब्दातला ‘निम’ फारसीतून आला असून त्याचा अर्थ अर्धा. रोजच्या बोलण्यातला ‘निम्मा’ त्याच घराण्यातला. निमसरकारी, निमशहरी, निमगोरा हे सारे शब्द त्याच साच्याचे. बँकेत आम्ही ‘निमसरकारी पत्र’ लिहीत असू. त्यात हुद्द्याचा अधिकार असे आणि व्यक्तिगत विनंतीही असे. अर्धवट वैद्यकी करणाऱ्याला हिंदीत ‘नीमहकीम’ म्हणतात, तेही यातूनच.

हा ‘नीम’ फारसी असला तरी अगदी परका नव्हे. संस्कृतात ‘नेम’ असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थही अर्धा. पाणिनीच्या सर्वनामांच्या गणात तो सर्व, विश्व यांच्या पंगतीला बसलेला आहे. इराणच्या प्राचीन अवेस्ता भाषेतही त्याचे भावंड सापडते. म्हणजे संस्कृत नेम आणि फारसी नीम हे एकाच मूळ घरातून निघालेले दोन भाऊ. संस्कृतातला भाऊ आपल्याकडे वापरातून गेला आणि फारसीतला शेकडो वर्षांनी पाहुणा म्हणून आला, तो घरातलाच होऊन राहिला.

आता दुसरा भाग, खारे. याचे मूळ संस्कृत ‘क्षार’. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याच्या विधीला स्वतंत्र अध्याय आहे, आणि तेथे या शब्दाची व्युत्पत्ती क्षरणाशी, म्हणजे झिजण्या-झिजविण्याशी जोडली आहे. जो क्षरण घडवून आणतो तो क्षार. ज्याचे क्षरण होत नाही ते अक्षर. कागदावरचे अक्षर आणि पाण्यातला क्षार हे असे एका धातूवरून आलेले आणि अर्थाने परस्परांच्या विरुद्ध उभे राहिलेले शब्द आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

क्षारचा खार कसा झाला, याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात पाटण येथे जे व्याकरण रचले, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा आहे. त्यात त्यांनी नियम सांगितला आहे की संस्कृत ‘क्ष’चा प्राकृतात ‘ख’ होतो आणि क्वचित ‘छ’ किंवा ‘झ’ही होतो. त्या नियमाने क्षारची दोन रूपे झाली, खार आणि छार. खार चवीकडे गेला, छार राखेकडे. दशवैकालिकात मुनींनी धुळीच्या पायांनी कशावर पाऊल ठेवू नये हे सांगताना राखेचा उल्लेख आहे, तेथे हाच छार दिसतो. ज्या घरांत राखेचे धोवण पाणी करण्याची रीत आहे, त्यांच्या मोरीवर छार आणि स्वयंपाकघरात पापडखार असे हे दोघे भाऊ आजही एका छपराखाली नांदतात. फक्त ‘एखाद्यावर खार खाणे’ यातला खार यांच्यात मोजू नये. तो फारसीतला, त्याचा अर्थ काटा. नुसत्या उच्चारावरून नाते जोडणे म्हणजे केवळ आडनाव सारखे म्हणून दुसऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्यासारखे आहे.

आणि तिसरा शब्द, जो आपण गृहीतच धरतो, तो म्हणजे पाणी. संस्कृत ‘पानीय’, म्हणजे पिण्यास योग्य. प्राकृतात त्यातला दीर्घ ‘नी’ ऱ्हस्व होऊन ‘पाणिअ’ झाले, याचीही नोंद हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणात आहे. तेव्हा मूळ अर्थाने पाहिले तर पाणी हे केवळ द्रवाचे नाव नाही. ‘हे पिता येईल’ अशी त्यात ग्वाही आहे. ‘निमखारे पाणी’ म्हणताना आपण ती ग्वाही देतो आणि त्याच दमात अर्धी परतही घेतो.

थोडेसे खारे आणि पुरते खारे यांत भेद करण्याची दृष्टी आपल्या आगमांत फार पूर्वीपासून आहे. प्रज्ञापना, म्हणजेच पन्नवणा, या उपांगाच्या पहिल्या पदात बादर अप्कायाचे प्रकार मोजले आहेत. दव, हिम, धुके, गारा यांच्यापासून सुरुवात करून शुद्धोदक, शीतोदक, उष्णोदक अशी ती यादी पुढे जाते. तीत ‘खारोदक’ आणि ‘लवणोदक’ हे दोन प्रकार वेगवेगळे दिले आहेत. टीकाकार मलयगिरी यांनी त्यांतला फरक स्पष्ट केला आहे. लवणोदक हे लवणसमुद्राचे. आणि खारोदक म्हणजे किंचित खारट, लाट देशात, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेकडे, काही विहिरींत असते तसे. समुद्राचे खारेपण आणि विहिरीचे खारेपण एका रकान्यात घालावयाचे नाही, हा विवेक त्या यादीत आहे. आपले निमखारे म्हणजे तेच खारोदक. पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी ज्याला ‘मचूळ’ म्हणतात, तेही हेच.

आता भगिनींच्या प्रश्नाचा आकडा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमच्या आत असतात. या दोहोंच्या मधले, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपासून सुमारे ३० ग्रॅमपर्यंतचे, सारे पाणी शास्त्रात निमखारे या एकाच नावाखाली येते. कोकणच्या खाड्यांत जेथे नदी समुद्राला मिळते आणि कोळंबीची पैदास होते, तेही निमखारे. आणि ज्याचा चहा जरा बेचव लागतो, ते विहिरीचे पाणीही निमखारेच. अर्ध्यापासून तीसपर्यंत म्हणजे साठपटीचे अंतर झाले. ‘निम’ शब्दाने अर्ध्याचे आश्वासन दिले, तरी तो नेमका अर्धा कधीच नसतो. माझी चूक येथेच झाली.

१९८६ साली माझी बदली अकोला जिल्ह्यातील एका शाखेत झाली. पूर्णा नदी सातपुड्याच्या दक्षिणेच्या सपाट खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या तिच्या खोऱ्याच्या मोठ्या भागाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. खोल साचलेला गाळ, चिकण काळी माती, पाण्याचा मंद निचरा आणि कडक ऊन, यांमुळे तेथील भूजलात क्षार साठून राहिले आहेत. नावातच सारे सांगितलेले होते, परंतु एम. कॉम. झालेल्या तरुण अधिकाऱ्याला पट्टा म्हणजे नकाशावरची रेघ वाटली.

मी ज्या वाड्यात भाड्याने राहत असे, ते कापसाचे व्यापारी जैन कुटुंब होते. घरमालकांच्या मातोश्रींना सारे गाव बाई म्हणे. त्यांच्या घरी दोन पाणी होती. छपरावरचे पावसाचे पाणी अंगणातल्या टाक्यात उतरे, ते पिण्याचे. आणि आडाचे निमखारे पाणी धुण्याभांड्यांचे. दोन्ही पाण्यांना गाळण्याची वस्त्रे वेगळी, आणि गाळून झाल्यावर जिवाणी ज्या त्या पाण्यात परत सोडण्याचा नेम कडक. एकदा नव्या मोलकरणीने टाक्याची जिवाणी आडात ओतली, तेव्हा न रागावणाऱ्या बाई रागावल्या. म्हणाल्या, “गोड्या पाण्यातला जीव खाऱ्यात जगत नाही, बाई. त्याला तेवढंसं खारंही पुष्कळ होतं.” मी ओसरीवर बसून ते ऐकले, आणि व्रताचा बारकावा म्हणून सोडून दिले.

त्याच वर्षी नवीन विहीर आणि विद्युतपंपासाठी एका शेतकऱ्याचा कर्जप्रस्ताव माझ्याकडे आला. पाच एकर जमीन, सातबारा स्वच्छ, जुने कर्ज नाही. अर्जात ‘पाण्याची प्रत’ असा एक रकाना असे. बहुतेक अर्जांत तो कोरा राही किंवा ‘चांगली’ असे ठोकून दिलेले असे. यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिले होते, ‘शेजारच्या विहिरीवरून निमखारे’. मी तो शब्द वाचला आणि मनाशी अर्थ लावला, निम्मेच खारे आहे, म्हणजे निम्मे गोडे आहे. टिपण लिहिले, प्रस्ताव मंजूर केला.

पहिल्या वर्षी गहू उत्तम आला. दुसऱ्या वर्षी बरा आला. तिसऱ्या वर्षी शेतात पाणी दिले की ते वरच तळ्यासारखे साचून राही आणि वाळले की जमिनीला दगडासारखा थर येई. बी उगवून वर येईना. हप्ते थकले. नियमाप्रमाणे थकबाकीची नोटीस निघाली आणि तिच्यावर सही माझीच होती.

नोटीस घेऊन ते शाखेत आले. भांडले नाहीत. पिशवीतून मातीचे एक ढेकूळ काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. ते मी बोटांनी दाबून पाहिले, फुटेना. मी विचारले, “भाऊ, पाणी तर निमखारेच होते ना?” ते म्हणाले, “साहेब, पाणी निमच होतं. पण पाणी उडून जाते, खार जमिनीतच राहते. आज निम, उद्या निम, मंग पुरं.”

त्या रात्री मी हिशोब मांडला. लिटरला २ ग्रॅम क्षार धरू. जिभेला ते कसेबसे कळतात. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीबरोबर एकरी ४०० किलो क्षार जमिनीत गेले. ५० किलोची आठ पोती. रब्बीत चार पाळ्या दिल्या तर बत्तीस पोती. पाणी पिकाने घेतले, उन्हाने नेले. पोती शेतातच राहिली. त्यांतला सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतो, कण सुटे होऊन फुगतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरण्याची वाट बंद होते. न भरलेले व्याज मुद्दलात मिळवीत गेल्यावर खाते जसे बुडते, तशी ती जमीन बुडाली होती. चक्रवाढीचे कोष्टक मला तोंडपाठ होते. ते जमिनीलाही लागू पडते, हे त्या ढेकळाने शिकविले.

त्यांनी काहीही लपविले नव्हते. रकान्यात खरे तेच लिहिले होते, आणि तेही अर्जातल्या इतरांसारखे ‘चांगली’ असे लिहून मोकळे न होता. त्यांचा विश्वास असा की, साहेब शिकलेले आहेत, लिहिले आहे ते वाचतील आणि जमणार नसेल तर नाही म्हणतील. मी अक्षरे पाहिली, क्षार पाहिला नाही. आपण व्यापारी माणसे देणाऱ्याने खरे सांगावे यावर फार भर देतो, आणि तो रास्तच आहे. परंतु सांगितलेले खरे नीट वाचणे ही घेणाऱ्याची बाजू आहे, आणि तिची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

त्यांच्या हप्त्यांची मी फेरआखणी करून घेतली. कृषी खात्याच्या सल्ल्याने जमिनीत जिप्सम घातले गेले. त्यातले कॅल्शियम सोडियमला हटविते आणि पाऊस त्याला खाली धुऊन नेतो. विहिरीचे ओलीत बंद केले, कोरडवाहू कापूस आणि तूर यांवर संसार चालविला, दोन म्हशी ठेवल्या. ठरल्या मुदतीनंतर चार वर्षांनी त्यांनी शेवटचा हप्ता भरला, व्याजासह. खाते बंद झाल्याचा दाखला मी माझ्या हाताने लिहिला. एवढ्या वर्षांत मी बंद केलेल्या खात्यांपैकी तेवढे एकच मला अजून चालू वाटते.

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गाळण्याने पाण्यातला कचरा निघतो आणि जीव वाचतात. उकळण्याने रोगजंतूंचे भय जाते आणि पाणी प्रासुक होते. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही गोष्टी घालून दिल्या, त्यांचे मोल मोठे आहे. परंतु विरघळलेला क्षार वस्त्रात अडत नाही आणि वाफेबरोबर जात नाही. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो टणकपणाचा एक भाग. मीठ मात्र पाण्यातच राहते. उलट चार लिटर पाणी उकळून तीन लिटर उरले, तर चार लिटरांचे मीठ त्या तीन लिटरांत येते. म्हणजे सासूबाईंसाठी आपण जितक्या श्रद्धेने पाणी आटवू, तितके ते अधिक खारे होईल.

तेव्हा फलक लावणाऱ्या मंडळींकडून कृपया आकडा मागून घ्यावा. विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे, हा पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. आकडा ५०० च्या जवळ असेल तर काळजी करू नये. त्याहून पुष्कळ वर असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसऱ्या पाण्याची सोय करावी, आणि ते पाणी मग रोजच्याप्रमाणे गाळावे, उकळावे. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आकडा डॉक्टरांना अवश्य दाखवावा. आणि फलकावरचे ‘वापरास’ हे पद पुन्हा एकदा वाचावे. तेथे ‘पिण्यास’ असे लिहिलेले नाही. लिहिणाऱ्याने खरे तेच लिहिले आहे.

निवृत्तीच्या थोडे आधी तपासणीच्या कामानिमित्त मी त्या शाखेत पुन्हा गेलो होतो. बाई केव्हाच गेल्या होत्या. वाड्यातले टाके मात्र स्वच्छ राखलेले होते. शाखेत काही कर्जप्रकरणे चाळताना एक ओळखीचा गट क्रमांक दिसला. अर्ज त्या शेतकऱ्यांच्या मुलाचा होता, शेततळ्यासाठी. मी सवयीने आधी पाण्याच्या प्रतीचा रकाना पाहिला. वडिलांसारख्याच सुबक अक्षरात लिहिले होते, ‘गोडे. पावसाचे.’

मी तो रकाना दोनदा वाचला आणि मग सही केली.